साखरेला ‘नैसर्गिक’ पर्याय: माणसांसाठी किती सुरक्षित, मुक्या जनावरांसाठी किती घातक?

घरात कोणाला शुगर निघाली की सगळ्यात आधी साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं, चहात गूळ घाला. कोणी म्हणतं, मध चालतो. मुलगा ऑनलाइन स्टीव्हियाची डबी मागवतो, दुबईहून आलेले मामू ‘शुगर फ्री’ चॉकलेटं आणि च्युइंगगम घेऊन येतात. सगळ्यांवर एकच शब्द ठळक छापलेला असतो: ‘नैसर्गिक’.

भारतात मधुमेह किती पसरला आहे हे आता लपून राहिलेलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे 10 कोटी 10 लाख भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज मांडला गेला. आणखी 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे साखरेला पर्याय शोधणं हा आता घराघरातला विषय आहे.

पण ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘सुरक्षित’ असं समीकरण नाही. धोतराही नैसर्गिकच आहे. काही पर्याय माणसाला चालतात, पण त्यांचा एक चमचा घरातल्या कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. काही पर्याय नावाला पर्याय असतात, प्रत्यक्षात साखरच असतात. म्हणून एकेक पदार्थ घेऊन आम्ही ही माहिती इथे एकत्र देत आहोत. ती जपून ठेवा आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

मध, गूळ आणि खजूर: पर्याय नव्हे, साखरेचेच भाऊ

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासून करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

मधाचं स्थान आपल्याकडे मोठं आहे. दीनमध्येही त्याचा उल्लेख शिफा म्हणून येतो आणि युनानी हकीम तर मधाशिवाय माजून करतच नाहीत. पण मधात सुमारे 80 टक्के साखरच असते, फक्त ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते. एक चहाचा चमचा साखर म्हणजे साधारण 4 ग्रॅम आणि 16 कॅलरी. तोच चमचा मधाने भरला तर मध जड असल्यामुळे 7 ग्रॅम होतो आणि कॅलरी 21 च्या आसपास जातात. म्हणजे चमच्याला चमचा मोजलं तर मध साखरेपेक्षा कमी नाही, उलट जास्तच भरतो.

मधाबद्दल आणखी एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत हवी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. मधात काही वेळा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे सूक्ष्म बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते सहसा वाढत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. त्यातून बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही, श्वास मंदावतो. नवजात बाळाला तहनीक करण्याची आपली रीत आहे. त्यासाठी घरातले मोठे मध काढत असतील तर बाळाच्या डॉक्टरांचं मत आधी घ्यावं आणि एक वर्षापर्यंत मध टाळावा.

गूळ हीसुद्धा उसाच्या रसाची साखरच, फक्त न गाळलेली. त्यात थोडी खनिजं राहतात, चव छान असते, पण रक्तातली साखर वाढवायला तो साखरेइतकाच तयार असतो. ‘गुळाचा चहा घेतो, शुगरला चालतो’ हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकतो. ते चुकीचं आहे.

खजुराचं थोडं वेगळं आहे. त्यात तंतू म्हणजे फायबर असतं, त्यामुळे साखर जरा सावकाश चढते. पण मेडजूल जातीच्या 100 ग्रॅम खजुरात सुमारे 66 ग्रॅम साखर असते. एका मोठ्या मेडजूल खजुरात 16 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार चमचे. मधुमेही माणसाने इफ्तारला एक लहान खजूर घेणं वेगळं आणि हात न थांबवता सात मेडजूल संपवणं वेगळं. खजुराचं सिरप आणि खजुराची पावडर तर सरळ साखरेच्या हिशेबातच धरावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचा रस यांतून मिळणारी साखर रोजच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी, 5 टक्क्यांच्या खाली असेल तर उत्तम. 2000 कॅलरींच्या आहारात 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम, साधारण सहा चमचे. रूह अफजाचा एक मोठा ग्लास आणि दोन चहा झाले की हा हिशेब संपतो.

स्टीव्हिया

स्टीव्हिया ही मूळची दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वे भागातली वनस्पती. तिथले ग्वारानी लोक तिची पानं पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. पानांतून काढलेले शुद्ध गोड घटक साखरेपेक्षा 200 ते 300 पट गोड असतात, कॅलरी जवळजवळ शून्य आणि रक्तातली साखर वाढत नाही. भारतात एफएसएसएआयने 2015 मध्ये ठरावीक खाद्यपदार्थांत त्याला परवानगी दिली. लेबलवर त्याचा क्रमांक 960 असतो.

सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 4 मिलिग्रॅम, स्टीव्हिऑल या घटकाच्या हिशेबात. रोज दोन-तीन चहा गोड करायला एवढं सहज पुरतं.

अडचण असते ती डबीतल्या भरावाची. शुद्ध स्टीव्हिया इतका गोड असतो की चमच्याने घेताच येत नाही. म्हणून कंपन्या त्यात एरिथ्रिटॉल, डेक्स्ट्रोज, लॅक्टोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. समोर मोठ्या अक्षरात ‘स्टीव्हिया’ आणि मागे बारीक अक्षरात बाकीचं. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच आणि माल्टोडेक्स्ट्रिनही रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. त्यामुळे डबी उलटी करून वाचल्याशिवाय घेऊ नका.

माँक फ्रूट

दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी भागात होणारं हे वेलीवरचं फळ. चिनी नाव लुओ हान गुओ. त्यातले मोग्रोसाइड नावाचे घटक साखरेपेक्षा 100 ते 250 पट गोड. अमेरिकेत 2010 पासून त्याचा वापर मान्य आहे. आजवर त्याचा मोठा धोका समोर आलेला नाही, पण स्टीव्हियाच्या तुलनेत माणसांवरचा अभ्यास कमी आहे. इथेही तोच इशारा: बाजारात मिळणाऱ्या माँक फ्रूटच्या पाकिटात बहुतेक वेळा मुख्य भाग एरिथ्रिटॉलचा असतो.

एरिथ्रिटॉल

हा पांढरा, दाणेदार, दिसायला अगदी साखरेसारखा पदार्थ. द्राक्षं, टरबूज यांत थोडासा असतो, पण बाजारातला एरिथ्रिटॉल ग्लुकोज आंबवून कारखान्यात तयार करतात. साखरेच्या 60 ते 70 टक्के गोड, कॅलरी नगण्य. शरीर तो वापरत नाही, बहुतेक सगळा लघवीवाटे बाहेर टाकतं.

फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. अमेरिका आणि युरोपातल्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या रक्ताची तपासणी त्यात होती. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त, त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. 30 ग्रॅम एरिथ्रिटॉल प्यायल्यावर निरोगी माणसांच्या रक्तातही त्याची पातळी हजार पटीने वाढली आणि दोन दिवसांहून अधिक काळ चढलेली राहिली. 2024 मध्ये त्याच गटाने दाखवलं की 30 ग्रॅमच्या एका मात्रेनंतर रक्तातल्या प्लेटलेट अधिक सहज चिकटू लागतात, म्हणजे गुठळी होण्याची शक्यता वाढते. ग्लुकोज घेतल्यावर असं झालं नाही.

याचा अर्थ एरिथ्रिटॉल खाल्लं की हार्ट अटॅक येतो, असा लावू नये. आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, आणि मधुमेह व लठ्ठपणात ते जास्त बनतं. त्यामुळे रक्तातली पातळी हे आजाराचं कारण आहे की आजाराची खूण, हे पहिल्या अभ्यासातून ठरत नाही. पण ज्यांना आधीच हृदयविकार आहे, स्टेंट बसलाय, पक्षाघात होऊन गेलाय किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी रोज केक, आइस्क्रीम, मिठाई यांतून मोठ्या प्रमाणात ते घेऊ नये, हा सावध सल्ला आम्हाला योग्य वाटतो. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने डिसेंबर 2023 मध्ये पोट बिघडण्याचा विचार करून दिवसाला वजनाच्या दर किलोमागे अर्धा ग्रॅम अशी मर्यादा ठरवली. 60 किलोच्या माणसाला ती 30 ग्रॅम होते.

झायलिटॉल

मक्याची कणसं आणि बर्च झाडाचं लाकूड यांपासून हे तयार करतात. गोडी साखरेइतकीच, कॅलरी सुमारे 40 टक्के कमी. फिनलंडमध्ये 1970 च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून ते दातांना चांगलं असल्याचं पुढे आलं, कारण दात किडवणाऱ्या जिवाणूंना ते पचत नाही. म्हणून च्युइंगगम, टूथपेस्ट आणि माउथवॉशमध्ये ते सर्रास असतं.

माणसाला थोड्या प्रमाणात ते चालतं. जास्त झालं की पोट फुगतं, जुलाब होतात. एफएसएसएआयच्या नियमानुसार अशा पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. 2024 मध्ये क्लीव्हलँडच्याच गटाने झायलिटॉल आणि हृदयविकार यांच्यातही संबंध दिसत असल्याचं मांडलं, म्हणून वर एरिथ्रिटॉलबद्दल सांगितलेली सावधगिरी इथेही लागू होते.

‘शुगर अल्कोहोल’मध्ये दारू असते का?

हा प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. झायलिटॉल, एरिथ्रिटॉल, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांना रसायनशास्त्रात ‘शुगर अल्कोहोल’ म्हणतात. हे नाव त्यांच्या रेणूच्या रचनेवरून पडलं आहे. दारूत असतं ते इथेनॉल, आणि ते या पदार्थांत नसतं. त्यांनी नशा येत नाही. रसायनशास्त्राची बाजू एवढीच. मसल्याबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं.

एक गोष्ट मात्र खरोखर पाहण्यासारखी आहे. थेंबांच्या बाटलीत मिळणाऱ्या काही द्रव स्टीव्हिया अर्कांत इथेनॉल वापरलेलं असतं. परदेशातून आलेली बाटली असेल तर घटकांची यादी जरूर वाचा.

ज्येष्ठमध: गोड, पण बीपीवाल्यांनी जपून

मुलेठी किंवा ज्येष्ठमध घशासाठी घरोघरी चघळतात. युनानी आणि आयुर्वेद दोन्हींत त्याला मान आहे. त्याची गोडी ग्लिसरायझिन या घटकामुळे येते. तो घटक शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम कमी करतो. रोज, बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो, पाय सुजतात, हृदयाचे ठोके बिघडतात. दोन-चार दिवस घशासाठी चघळणं वेगळं आणि साखरेऐवजी रोज चहात टाकणं वेगळं. बीपी, किडनी किंवा हृदयाचे रुग्ण, लघवीच्या गोळ्या घेणारे आणि गरोदर महिला यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते रोज घेऊ नये.

रोजा, शुगर उतरणं आणि रिकामा साखरेचा डबा

ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कुठल्याच डबीवर छापलेली नसते.

इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर अचानक उतरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं अडखळतं. रमजानमध्ये असर ते मगरिबच्या दरम्यान असे प्रसंग घडतात. अशा वेळी घाबरलेलं घर धावत सरबत करतं, आणि घरात साखरच नसल्यामुळे त्यात स्टीव्हिया किंवा एरिथ्रिटॉल घालतं. सरबत गोड लागतं, पण रक्तात साखर जात नाही. रुग्ण बेशुद्धीकडे जात राहतो.

अशा वेळी खरी साखरच लागते: साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून. 15 मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, चढली नसेल तर परत द्यावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये, सरळ दवाखाना गाठावा. मधुमेही रोजेदारांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनुसार साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा. बोटातून रक्त तपासण्याबाबत मनात शंका असेल तर रमजानआधीच डॉक्टर आणि आलिम दोघांशी बोलून घ्या.

म्हणून घरातली सगळी साखर काढून टाकू नका. ग्लुकोजचा एक डबा सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा.

कुत्र्यासाठी झायलिटॉल म्हणजे विष

आता जनावरांकडे येऊ. वाडीवर, शेतावर, गोदामावर राखणीला कुत्रा असतो. शहरात शेजाऱ्यांकडे असतो, गल्लीत तर असतातच. त्यांच्यासाठी झायलिटॉल इतका घातक गोड पदार्थ क्वचितच असेल.

माणसाच्या शरीरात झायलिटॉलमुळे इन्सुलिन फारसं वाढत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला ग्लुकोज समजतं आणि इन्सुलिनचा मोठा लोंढा सोडतं. 10 ते 60 मिनिटांत रक्तातली साखर कोसळते. मात्रा आणखी जास्त असेल तर एक ते तीन दिवसांत यकृत निकामी होऊ शकतं.

किती खाल्लं तर धोका? वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.1 ग्रॅमला साखर उतरू शकते आणि 0.5 ग्रॅमच्या पुढे यकृताला धोका असतो. आता हिशेब करा. पाच किलोच्या पॉमेरेनियनला अर्धा ग्रॅम पुरेसा. एका चमच्यात चार ग्रॅम असतात, म्हणजे दर किलोमागे 0.8 ग्रॅम. एक चमचा सांडला आणि कुत्र्याने चाटला, तर तो यकृताच्या धोक्याच्याही पुढे गेला.

लक्षणं: उलटी, सुस्ती, झोकांड्या, कोसळणं, झटके. च्युइंगगम गिळला असेल तर झायलिटॉल सावकाश सुटतं आणि लक्षणं 12 तासांनीही येऊ शकतात. ‘आता तर बरा दिसतोय’ म्हणून थांबू नये.

काय करावं:

- लगेच पशुवैद्यकांना फोन करा. काय खाल्लं, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं अंदाजे वजन सांगा. पाकीट सोबत न्या.
- मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने मिठाचीच विषबाधा होते. उलटी करवायची की नाही हे पशुवैद्यक ठरवतील.
- कुत्रा झोकांड्या देत असेल आणि दवाखाना लांब असेल तर हिरड्यांवर साखरेचा पाक, मध किंवा ग्लुकोज चोळा आणि निघा. बेशुद्ध असेल तर तोंडात पातळ काही ओतू नका.
- दूध, तूप, लिंबू अशा घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

मुंबईत परळचं बाई साखराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जनावरांसाठी जुनं आणि परिचित आहे. इतर ठिकाणी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि एका खासगी डॉक्टरचा नंबर आजच लिहून ठेवा. वेळेत उपचार मिळाले तर कुत्रा वाचण्याची शक्यता चांगली असते.

स्टीव्हिया, माँक फ्रूट आणि एरिथ्रिटॉल कुत्र्यासाठी असे विषारी असल्याचं दिसलेलं नाही, पण जास्त खाल्ल्यास जुलाब होतात. शिवाय त्याच मिठाईत झायलिटॉलही असू शकतं. त्यामुळे शुगर फ्री काहीच देऊ नये.

मांजर, बकरा आणि गल्लीतली कुत्री

मांजराला गोड चवच कळत नाही. गोडी ओळखणारं एक जनुक त्याच्यात निकामी आहे, हे 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यामुळे ते झायलिटॉलच्या मागे सहसा जात नाही. 2018 च्या एका छोट्या अभ्यासात निरोगी मांजरांना झायलिटॉल देऊनही कुत्र्यांसारखा परिणाम दिसला नाही. तरी मुद्दाम देण्याचं कारण नाही.

बकरी ईदच्या आधी घरात बकरा येतो आणि लेकरं प्रेमाने त्याला गूळ, चपाती, पाव, भात भरवतात. इथे विष वेगळं आहे. बकऱ्याचं पोट चाऱ्यासाठी बनलेलं असतं. एकदम भरपूर गूळ किंवा धान्य पडलं तर पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, चारा सुटतो आणि जनावर दगावूही शकतं. गुळाचा लहानसा खडा ठीक, पण मुलांच्या हातात ढेप देऊ नका.

ईदचा उरलेला शीरखुर्मा गल्लीतल्या कुत्र्यांना घालणारी घरंही आहेत. हेतू चांगला, पण शीरखुर्म्यात मनुका असतात आणि मनुका व द्राक्षांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. चॉकलेटही तसंच घातक. मुक्या जनावरांना खाऊ घालायचंच असेल तर साधा भात, चपाती आणि शिजवलेलं बिनहाडाचं, बिनमसाल्याचं मटण द्यावं.

डबी उलटी करा, मग विकत घ्या

लेबलवर हे क्रमांक शोधा: 960 म्हणजे स्टीव्हिया, 967 झायलिटॉल, 968 एरिथ्रिटॉल, 420 सॉर्बिटॉल, 965 माल्टिटॉल. परदेशी पाकिटांवर झायलिटॉल ‘बर्च शुगर’ या नावानेही येतं. च्युइंगगम, टूथपेस्ट, शुगर फ्री पीनट बटर, चघळायच्या व्हिटॅमिन गोळ्या आणि काही खोकल्याची औषधं यांत ते सापडतं. घरात कुत्रा असेल तर 967 चं काहीही उंचावर, बंद कपाटात ठेवा. माणसाची टूथपेस्ट कुत्र्याला कधीच लावू नका.

आणि शेवटचं. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन कमी करण्यासाठी स्टीव्हियासारख्या बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नये, कारण त्यांचा दीर्घकाळ फायदा दिसत नाही. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. बाकीच्यांसाठी उपाय जुनाच आहे. आज दोन चमचे घेत असाल तर पुढच्या आठवड्यात दीड, मग एक. जीभ महिनाभरात जुळवून घेते. लेकरांना लहानपणीच कमी गोडाची सवय लागली, तर उद्या त्यांच्या घरात पर्यायांची डबी आणायची वेळच कमी येईल.